मिरचीला १०, सिरिंजला २५ : गॅमा किरणांनी निर्जंतुकीकरण कसे होते

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत डोळ्यांचे मलम भरायला लागतात त्या रिकाम्या अॅल्युमिनियमच्या ट्यूबा आणि काणकोणच्या खोला मिरचीची पूड, हे दोन्ही माल एकाच काँक्रीटच्या खोलीतून, गॅमा किरण सोडणाऱ्या एकाच कोबाल्ट धातूसमोरून नेता येतात. ट्यूबांना २५ किलोग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) लागतात, मिरचीपुडीला १०च्या आसपास. त्याच कोबाल्टसमोरून कांदा गेला तर त्याला ०.०६ ते ०.०९ किलोग्रे पुरे, निर्यातीच्या आंब्याला ०.४. किरण तेच, खोली तीच. बदलते ती मात्रा. लोकांचा पहिला प्रश्न 'असे अन्न खाल्लेले चालते का' हाच असतो, आणि त्याचे उत्तर पुढे येतेच. पण माल पाठवणाऱ्याने विचारायचा प्रश्न दुसरा आहे. माझ्या खोक्याच्या ज्या कोपऱ्याला सर्वांत कमी मिळाले त्याला किती मिळाले, ज्याला सर्वांत जास्त मिळाले त्याला किती, आणि हे मोजले कशाने? या कामात जे काही बिघडते त्यातले बरेचसे या प्रश्नाकडे काणाडोळा केल्याने बिघडते.

कोबाल्ट आणि ग्रे

साधा कोबाल्ट-५९ अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात दीर्घकाळ ठेवला की त्यातल्या काही अणूंचा कोबाल्ट-६० होतो. भारतात हे काम वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्यांतच होते आणि त्यातून स्रोत तयार करून पुरवते ते अणुऊर्जा विभागाचे 'ब्रिट', म्हणजे विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ. कोबाल्ट-६०चा अणू निकेल-६० होताना दोन गॅमा किरण सोडतो, एक १.१७ एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे किरणाच्या ऊर्जेचे एकक) आणि दुसरा १.३३ एमईव्हीचा.

हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, कारण खाण्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. गॅमा किरणांनी पदार्थ किरणोत्सारी व्हायचा तर त्यातल्या अणूंचे केंद्रक फुटावे लागते. सर्वांत सहज फुटणाऱ्या केंद्रकांत बेरिलियमला सुमारे १.७ आणि जड हायड्रोजनला २.२ एमईव्ही लागतात. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांना त्याच्या कितीतरी पट. १.३३ एमईव्हीचा किरण तिथवर पोचतच नाही. मिरची आठवडाभर कोबाल्टसमोर ठेवली तर तिचा रंग आणि वास जाईल, पण ती किरणोत्सारी होणार नाही. शिवाय कोबाल्ट स्टेनलेस स्टीलच्या दुहेरी नळीत बंद असतो; मालाचा आणि त्याचा स्पर्श कधीच होत नाही.

मात्रा मोजायची ग्रेमध्ये. एक किलो पदार्थाने एक जूल ऊर्जा शोषली की एक ग्रे, आणि असे हजार ग्रे म्हणजे एक किलोग्रे. १० किलोग्रेने पाण्याचे तापमान जेमतेम २.४ अंशांनी वाढते. म्हणून मिरचीचा वास टिकतो, प्लॅस्टिकची सिरिंज वितळत नाही, आणि माल शेवटच्या वेष्टनात सीलबंद असतानाच प्रक्रिया उरकते. वाफेला किंवा वायूला वेष्टनातून आत शिरायला वाट लागते, गॅमाला लागत नाही. या पद्धतीचे सर्वांत मोठे बळ हेच.

ग्रे आणि किलोग्रे यांत घोळ करू नये. रुग्णाला चढवायच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची विभागणी थांबवण्यासाठी रक्तपिशवीला २५ ग्रे देतात. सिरिंजला २५ किलोग्रे. आकडा तोच, फरक हजारपटीचा.

जंतू मरतो कसा

एवढ्याशा ऊर्जेने जंतू मरतो, कारण ती ऊर्जा बसते मोक्याच्या जागी. डीएनएचा रेणू लांबलचक असतो आणि पेशीत त्याच्या प्रती मोजक्याच. किरण थेट त्यावर बसला तर साखळी तुटते. त्याहून जास्त वेळा पेशीतले पाणी फुटून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे कशाशीही झटकन क्रिया करणारे रेणूंचे तुकडे, तयार होतात आणि ते डीएनए तोडतात. दोन्ही धागे एकमेकांजवळच तुटले की पेशीला दुरुस्ती जमत नाही आणि ती पुढे वाढू शकत नाही.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. सुक्या आणि गोठलेल्या मालात पाण्याचे मूलक फिरू शकत नाहीत, म्हणून तिथे तोच जंतू मारायला जास्त मात्रा लागते. आणि जीव जितका गुंतागुंतीचा तितका तो लवकर निकामी होतो: किडा एक किलोग्रेच्या आतच, बॅक्टेरिया काही किलोग्रेंत, बॅक्टेरियांचे बीजाणू त्याहून जास्तीत, विषाणू तर अन्नाला परवडणाऱ्या मात्रेत पुरते हटतीलच असे नाही.

दहातले नऊ जंतू मारायला जी मात्रा लागते तिला डी-१० म्हणतात. ओल्या पदार्थात ई. कोलायचा डी-१० ०.३ किलोग्रेच्या आसपास, साल्मोनेलाचा ०.५ ते ०.७. बीजाणूंचा दीड ते तीन. पुढचा सगळा हिशेब भागाकाराचा आहे. जमिनीवर वाळवलेल्या मिरचीच्या पुडीत ग्रॅमला १० लाख जंतू आहेत आणि त्यांतल्या चिवट जंतूंचा डी-१० २ किलोग्रे आहे असे धरू. १० किलोग्रेमध्ये पाच वेळा 'दहातले नऊ' मरतात, म्हणजे ग्रॅममागे १० उरतात. तीच पूड ग्रॅमला १० कोटी जंतू घेऊन आली, तर त्याच १० किलोग्रेनंतर १,००० उरतील. किरण-प्रक्रिया केंद्राने आपले काम चोख केले आणि माल तरीही नापास झाला. खळे शेणाने सारवलेले होते की ताडपत्री अंथरली होती, हे किरणांनंतरही अहवालात दिसते ते असे.

सिरिंजचा हिशेब वेगळा, कारण तिथे 'कमी जंतू' चालत नाहीत. निकष असा की एखाद्या नगावर जिवंत जंतू राहण्याची शक्यता १० लाखांत एकाहून जास्त नसावी. एका नगावर सुरुवातीला १०० जंतू, डी-१० २ किलोग्रे धरला, तर १००वरून दहालाखांश यायला आठ टप्पे, म्हणजे १६ किलोग्रे. २५ किलोग्रे हा जो आकडा जगभर रूढ आहे त्यात वरची सुरक्षित शिल्लक धरलेली आहे. पण तो आकडा मंत्र नव्हे. आयएसओ १११३७ या मानकाप्रमाणे २५ किलोग्रे लावायचे तर नगावरचा सरासरी जंतुभार १,०००च्या आत असल्याचे तीन वेगवेगळ्या खेपांतले प्रत्येकी १० नग तपासून दाखवावे लागते. मग १० नगांना मुद्दाम कमी मात्रा देऊन ते पोषक द्रावणात ठेवतात, आणि दोन नगांत वाढ दिसली तर चाचणी पुन्हा करतात, त्याहून जास्त नगांत दिसली तर २५चा आधार गेला. हे एकदा करून भागत नाही. ही पडताळणी साधारण दर तीन महिन्यांनी पुन्हा होते, कारण पावसाळ्यात कारखान्याची हवा दमट होते, बुरशी वाढते आणि मार्चमधला जंतुभार जुलैत राहत नाही. गोव्यात तर हे वेगळे सांगायलाही नको.

खोलीच्या आत

कोबाल्ट-६०च्या 'पेन्सिली' सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड असतात. अशा अनेक पेन्सिली एका सपाट चौकटीत उभ्या लावतात. काम नसताना ही चौकट सुमारे ६ मीटर खोल पाण्याच्या हौदात असते; पाण्यातून तिची निळी आभा दिसते. पाणी साधे चालत नाही. क्षार काढलेलेच लागते, कारण क्लोराइडने स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि खड्ड्यातून पुढे गळती संभवते. काम सुरू करायचे तेव्हा खोली रिकामी असल्याची खात्री करून, दार बंद करून, चौकट तारांनी वर ओढतात.

भिंती जवळजवळ २ मीटर जाडीच्या काँक्रीटच्या. दर ६ सेंटिमीटर काँक्रीटला हे किरण साधारण निम्मे होतात. १८० सेंटिमीटरमध्ये ३० वेळा निम्मे, म्हणजे ढोबळ हिशेबाने १०० कोटींतला एक भाग. माल आत-बाहेर करायची वाट उघडी राहिली तरी चालते, कारण ती नागमोडी असते आणि प्रत्येक वळणावर भिंतीवर आपटून किरणांची ऊर्जा उतरत जाते.

आत हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो. म्हणून चौकट खाली गेल्यावरही लगेच आत शिरत नाहीत; पंखे ओझोन काढून टाकेपर्यंत थांबतात. रबराच्या वस्तू उघड्या ठेवल्या तर या ओझोनने भेगाळतात, हेही काही वेळा मागाहून कळते.

स्रोत किती मोठा यावर वेग ठरतो. १० लाख क्युरी (किरणोत्साराचे एकक) कोबाल्ट-६० सुमारे १५ किलोवॉट ऊर्जा बाहेर टाकतो, जेमतेम सात-आठ गिझरांइतकी. त्यातला साधारण ३० टक्के भाग मालात शोषला जातो असे धरले, तर ताशी ६०० किलोच्या आसपास माल २५ किलोग्रेने, किंवा १,६०० किलो १० किलोग्रेने निघतो. कोबाल्ट-६० ५.२७ वर्षांत निम्मा होतो, म्हणजे महिन्याला जवळपास १ टक्का घटतो. म्हणून मालाचा मुक्काम दर थोड्या दिवसांनी तेवढा वाढवावा लागतो आणि अधूनमधून नव्या पेन्सिली घालाव्या लागतात. 'गेल्या वर्षी ४ तासांत झाले होते, यंदा साडेचार का' असे विचारणाऱ्या ग्राहकाला उत्तर हेच.

खोका सगळीकडून सारखा भाजत नाही

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू. कोबाल्टचे किरण पाण्यात ११ सेंटिमीटरवर निम्मे होतात. माल हलका असेल, समजा घनता पाण्याच्या पंचमांश, तर ५५ सेंटिमीटरवर. सिरिंजांचा खोका साधारण असा असतो. मिरचीपुडीचे पोते त्याहून दुप्पट-अडीचपट घट्ट. तिथे २०-२५ सेंटिमीटरवरच निम्मे. म्हणजे कोबाल्टकडची बाजू आणि मधला भाग यांना कधीच सारखे मिळत नाही. म्हणून प्रत्येक खोक्याची दोन्ही तोंडे कोबाल्टकडे यावीत अशी फेरी ठरवतात. तरीही कुठला तरी भाग सर्वांत कमी आणि कुठला तरी सर्वांत जास्त घेणार.

किमान मात्रा ठरते जंतूंनी, कमाल मात्रा ठरते मालाच्या सहनशक्तीने किंवा कायद्याने. भारतात मसाल्यांचा जंतुभार उतरवायला ६ ते १४ किलोग्रेची मर्यादा आहे, म्हणजे पोत्यातल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त भागांत सव्वादोन पटींहून थोडा जास्त फरक चालतो. युरोपात सरासरी १० किलोग्रेच्या वर गेलेले चालत नाही आणि केंद्रही तिथल्या मान्य यादीतले लागते. तिथे पाठवायचे असेल तर ५० किलोची पोती पाठवू नयेत. पातळ, सारख्या आकाराच्या खोक्यांत २०-२५ किलो भरून पाठवावे. केंद्र ते आनंदाने घेते.

हा फरक मोजायला 'मात्रानकाशा' काढतात. खोक्याच्या आत ठरावीक जागी, कोपऱ्यांत, मधोमध, कडेला, मात्रामापक ठेवून एक फेरी करतात. लाल किंवा अंबर रंगाच्या पर्स्पेक्सच्या चकत्या, अॅलनिनच्या गोळ्या, सेरिक-सेरस सल्फेटच्या कुप्या, आणि कमी मात्रेला फ्रिक द्रावण ही नेहमीची साधने. पर्स्पेक्सची चकती काळवंडते आणि किती काळवंडली ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचतात. नकाशावरून कळते की सर्वांत कमी मात्रा खोक्यात कुठे बसते. मग रोजच्या कामात मापक तिथे किंवा तिच्याशी ठाऊक गुणोत्तर असलेल्या सोप्या जागी लावतात.

खोक्यावर चिकटवलेला पिवळा ठिपका लाल झाला म्हणजे माल निर्जंतुक झाला, असे अनेकजण समजतात. तसे नाही. ठिपका फक्त सांगतो की खोका कोबाल्टसमोरून गेला. २५च्या जागी १२ किलोग्रे मिळाले तरी तो लालच होतो, आणि उन्हात किंवा गरम गोदामात ठेवला तर आपोआपही रंग बदलू शकतो. गोदामात केलेला आणि न केलेला माल वेगळा ठेवायला तो उपयोगी. खात्रीसाठी मापकाचे वाचनच हवे.

नकाशा एका विशिष्ट मांडणीचा असतो. खोक्याचा आकार बदलला, पाकिटे आडवीऐवजी उभी ठेवली, ट्यूबांऐवजी त्यांची जड टोपणे भरली की जुना नकाशा रद्द. शेवटच्या खोक्यात अर्धाच माल असेल तर किरण त्यातून सहज पार होऊन शेजारच्या खोक्याला जास्त मात्रा देतात. म्हणून अर्धवट खोके त्याच घनतेच्या निरुपयोगी मालाने भरून पाठवायचे. आणि खोका किती किलोचा हे दर खेपेला लिहून द्यायचे. वजनात फरक पडला म्हणजे घनता बदलली, आणि मात्राही.

प्लॅस्टिकचे दुखणे उशिरा कळते

औषध कारखान्यांना किरणांनी जंतू मरतात याची चिंता नसते, चिंता प्लॅस्टिकची. साध्या पॉलिप्रॉपिलिनच्या साखळ्या तुटतात. गंमत अशी की प्रक्रियेनंतर लगेच सिरिंज ठणठणीत असते. आत अडकलेले मूलक हवेतल्या ऑक्सिजनशी महिनोन्‌महिने हळूहळू क्रिया करत राहतात आणि सहा महिन्यांनी तिचा दांडा बोटात कडकन तुटतो. म्हणून किरणांसाठीच बनवलेले स्थिरकयुक्त पॉलिप्रॉपिलिन मागायचे, आणि चाचणी प्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी करून थांबायचे नाही. मुदत संपेपर्यंतचा काळ गरम कपाटात लवकर घडवून पुन्हा करायची. चाचणीची मात्राही २५ नव्हे, खोक्यातली सर्वांत जास्त मात्रा, जी ३५-४० किलोग्रेही असू शकते.

पीव्हीसी पिवळे पडते. टेफ्लॉन तर थोड्याच किलोग्रेंत ठिसूळ होते, ते सरळ टाळावे, अॅसिटलही. पॉलिथिन, पॉलिस्टायरिन, पीईटी चांगली टिकतात. पॉलिकार्बोनेटला पिवळट झाक येते, काही दिवसांत ती थोडी ओसरते. काच तपकिरी होते. कापसाच्या गॉजची ताकद थोडी उतरते, आणि तेच नग पुन्हा प्रक्रियेला पाठवले तर आणखी उतरते. दुसऱ्यांदा पाठवण्याची सवय बरी नव्हे. पाण्यात विरघळवलेली बहुतेक औषधे गॅमाला देत नाहीत, कारण पाण्याचे मूलक जंतूंइतकेच औषधालाही तोडतात. कोरडी पूड, मलमाचा तेलकट आधार, रिकाम्या ट्यूबा, ड्रॉपर, शस्त्रक्रियेचे गाऊन, हा गॅमाचा खरा प्रांत. तुर्भ्याचे, म्हणजे ट्रॉम्बेचे, 'आयसोमेड' केंद्र १९७४पासून याच कामासाठी आहे.

पुरुमेंताच्या मालाला काय चालते, काय नाही

आता खाण्याकडे. गोव्याच्या घरात पावसाआधी भरून ठेवायचा माल, म्हणजे पुरुमेंत, बघितला की या तंत्राच्या मर्यादा आपसूक कळतात.

मिरची आणि इतर मसाले हा सगळ्यांत सरळ माल. सुके, कमी चरबीचे, वास टिकणारे. पूर्वी यांना इथिलिन ऑक्साइड वायू देत. त्याचे अवशेष मालात सापडल्यावरून परदेशांत खेपा परत गेल्या आहेत. गॅमाला अवशेष नाही. पण बुरशीने आधीच केलेले विषारी अॅफ्लाटॉक्सिन या मात्रेने जात नाही, कीटकनाशकाचे अंश जात नाहीत आणि भेसळीचा रंग तर नाहीच नाही. ओलसर मिरची पाठवली तर पोत्यात उरलेली बुरशी पुन्हा वाढते. आधी नीट वाळवायची, मग दमट हवा आत न घेणाऱ्या पिशवीत सील करायची, आणि मगच पाठवायची.

कांद्याला मात्रा लहान, वेळ महत्त्वाची. उद्देश जंतू मारणे नव्हे, आतल्या कोंबाच्या पेशींची विभागणी थांबवणे. कांदा काढून, सुकवून, माना नीट मिटल्यावर दोन-तीन आठवड्यांत तो कोबाल्टसमोर गेला पाहिजे. कोंब आत जागा झाल्यावर नेला तर मात्रा दिली तरी कोंब मरून आत तपकिरी डाग राहतो. आणि सडणे यातून थांबत नाही. हवेशीर जागा लागतेच. बटाट्याला ०.१ किलोग्रे पुरते, पण खणताना झालेल्या जखमा आधी भरू द्याव्या लागतात, कारण मात्रेनंतर बटाटा नवी साल धरू शकत नाही.

काजूगराला कीड लागू नये म्हणून ०.२५ ते १ किलोग्रे चालते. वर गेलात की तेल खवट होते. ऑक्सिजन हाच त्याचा शत्रू, म्हणून निर्वात किंवा नायट्रोजन भरलेल्या पाकिटातच पाठवावे. मात्रेने किडे आणि अंडी निकामी होतात, पण पाकीट नीट बंद नसेल तर नवी कीड खुशाल आत शिरते.

सुक्या मासळीचेही तेच, अधिक तीव्रपणे. सुकी सुंगटां (कोळंबी), बोंबील, खारे बांगडे यांच्यावर जो काळपट भुंगा आणि केसाळ अळी पडते, ती ०.३ ते १ किलोग्रेने थांबते. बुरशीसाठी १ ते ३, रोगजंतूंसाठी २ ते ७. हा भुंगा पातळ पॉलिथिन कुरतडून आत जातो, तेव्हा जाड बहुस्तरी पाकीट हवे. सुंगटांत चरबी कमी, ती चांगली टिकतात. बांगडा तेलकट, जास्त मात्रेत त्याचा वास उतरतो.

ताज्या बांगड्याबाबत दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. बांगडा बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामिन तयार होते, ज्याने खाल्ल्यावर अंग लाल होते, डोके दुखते, उलट्या होतात. हिस्टामिन शिजवून जात नाही आणि गॅमाच्या या मात्रांवरही भरवसा ठेवता येत नाही. किरण ते करणाऱ्या जंतूंना मारतात, झालेल्या विषाला हात लावत नाहीत. दुसरे, १ ते ३ किलोग्रे दिल्यावर मासा सडवणारे नेहमीचे जंतू मरतात, पण बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा ई प्रकारचा बीजाणू टिकू शकतो आणि तो ३.३ अंशांच्या वर वाढतो. नेहमी वास आला की मासा टाकतो. इथे वास देणारेच मेलेले असतात. म्हणून गॅमा दिलेला ताजा मासा ३ अंशांच्या खाली, बर्फातच ठेवायचा. टिकाऊपणा वाढतो तो बर्फाच्या जोडीने.

आंब्याला मात्रा लावतात ती परदेशांच्या कीड-नियमांसाठी. २००७ साली भारतीय आंबा अमेरिकेला जाऊ लागला तो लासलगावच्या 'कृषक' केंद्रातून, किमान ४०० ग्रे घेऊन. कमाल १,००० ग्रे. कोयीतला भुंगा या मात्रेने लगेच मरत नाही, वांझ होतो. आंबा कापल्यावर आत वळवळणारा भुंगा दिसला तर मात्रा चुकली असे नव्हे. इतर पद्धतींत जिवंत कीड म्हणजे नापास, इथे कागदपत्र आणि मापक पाहून निर्णय होतो. मात्रा जास्त झाली की सालीवर डाग पडतात आणि फळ नीट पिकत नाही. देठाकडची कूज ४०० ग्रेने जात नाही, म्हणून त्याआधी फळे गरम पाण्यात बुडवून काढतात. मानकुरादसारख्या नाजूक सालीच्या फळासाठी लांबच्या प्रवासाचा बेत करताना पेटीत एक-दोन थरच ठेवावेत, नाहीतर मधल्या फळाला ४०० मिळेपर्यंत कडेच्या फळाचे हजारच्या पुढे जाते.

कागद आणि खूण

कांदा, बटाटा आणि मसाले यांना भारतात १९९४ साली परवानगी मिळाली. आता २०१२चे अणुऊर्जा नियम लागू आहेत आणि मात्रेच्या मर्यादा अन्नाच्या वर्गांप्रमाणे ठरलेल्या आहेत. केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. १९८०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने सरासरी १० किलोग्रेपर्यंतचे अन्न सुरक्षित ठरवले. नंतर १९९७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने त्याहून वरच्या मात्रांबाबतही तसेच मत दिले. तोटा काय, तर थायमिन, क आणि ई ही जीवनसत्त्वे थोडी घटतात, साधारण शिजवताना घटतात तशी.

पाकिटावर हिरवी गोल खूण असते, वरचा अर्धा भाग तुटक रेषांचा आणि आत रोपट्यासारखे चित्र. सोबत किरण-प्रक्रिया केल्याचा मजकूर, तारीख आणि परवाना क्रमांक. ही खूण चुकवून माल विकला तरी पकडता येते. मसाल्यात शेतातल्या मातीचे बारीक सिलिकेट कण असतातच. किरण मिळालेले कण तापवले की प्रकाश देतात आणि तो यंत्रात मोजता येतो.

केंद्राकडून येणाऱ्या प्रमाणपत्रावर नुसते '२५ किलोग्रे दिले' असे असेल तर ते अपुरे. त्यावर मोजलेली किमान आणि कमाल मात्रा, मापकाचा प्रकार, खेप क्रमांक, खोक्यांची संख्या आणि तारीख हवी. पाठवलेले खोके ४२ आणि प्रमाणपत्रावर ४१ असतील, तर एक खोका न केलेला तुमच्या मालात मिसळलेला आहे असे समजून सगळी खेप थांबवावी.

अपघात झालेत ते खोक्यांमुळेच

मोठ्या केंद्रांतले जीवघेणे प्रसंग कोबाल्ट गळून झालेले नाहीत. बहुतेक माल अडकून झालेले आहेत. १९८९ साली सान साल्वादोरमध्ये खोके अडकल्याने कोबाल्टची चौकट खाली उतरली नाही आणि तिघे आत शिरले. एकाचा पुढे मृत्यू झाला. १९९०मध्ये इस्रायलच्या सोरेक येथे एक संकेत 'कोबाल्ट खाली आहे' म्हणत होता आणि किरणमापक धोक्याची सूचना देत होता. कामगाराने मापकच बिघडला असे मानले आणि आत गेला, तोही वाचला नाही. म्हणून दाराची किल्ली आणि हातातला किरणमापक एकमेकांना बांधलेले असतात, आत शेवटचा माणूस बटण दाबून बाहेर आल्याशिवाय चौकट उठत नाही, आणि मापक वाजला तर तोच खरा मानायचा हा नियम आहे. फुगलेला, फाटका, आकार सोडलेला खोका केंद्राने दारातच परत केला तर ग्राहकाने त्यावर वाद घालू नये.

दिल्लीच्या मायापुरीत २०१०मध्ये जो मृत्यू झाला तो अशा केंद्रातला नव्हता. प्रयोगशाळेतले जुने कोबाल्ट-६०चे यंत्र भंगारात विकले गेले आणि तिथे ते फोडले गेले. वापर संपलेला स्रोत पुरवठादाराकडे परत जाणे हा परवान्याचाच भाग आहे, आणि वाट न पाहता केंद्राने तो आधीच परत करायचा असतो.